नांगर चालेल, सिंह नको

बेल्जियममधल्या वॉटर्लूच्या त्या टेकाडाला २२६ पायऱ्या आहेत. आई साठेक चढली, कठड्याला धरून थांबली आणि खाली पसरलेल्या शेतांकडे बघत तिने विचारलं, "लढाई झाली तेव्हा हे टेकाड होतं का रे?"

"नव्हतं. नंतर रचलंय."

"एवढी माती आणली कुठून?"

"इथलीच. ज्या जमिनीवर लढाई झाली तीच खरवडून."

"मग वर जाऊन बघायचं काय?" असं म्हणून ती सरळ खाली उतरायला लागली. मी वर गेलो, रीतसर फोटो काढले, सिंहाच्या पंजाखाली उभा राहून सेल्फीही काढला. तिचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

१८ जून १८१५ ला, नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, या जागी ऑरेंजच्या राजपुत्राला खांद्यात गोळी लागली. राजपुत्र वाचला, पुढे गादीवरही बसला. पण त्याचे वडील, नेदरलँड्सचे राजे पहिले विल्यम, यांना त्या जखमेचं स्मारक हवं होतं. १८२६ पर्यंत चाळीसेक मीटर उंचीचं मातीचं टेकाड उभं राहिलं आणि त्यावर २८ टनांचा बिडाचा सिंह चढवला गेला. लिएजकडच्या कष्टकरी बायकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून ही माती वाहिली, असं सांगतात. एका खांद्यापायी एवढं मोठं वारूळ! आणि हे वारूळ उभं करताना जी जमीन खरवडली गेली, तीच तर त्या लढाईतली सगळ्यात महत्त्वाची जमीन होती.

नेपोलियनविरुद्धच्या फौजेचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याने तिथे एका लांबट, फारशा उंच नसलेल्या धारेचा आसरा घेतला होता. बरीचशी फौज त्याने धारेच्या पाठीमागच्या उतारावर ठेवली आणि तोफांचा मारा सुरू झाला की जमिनीवर आडवं व्हायला सांगितलं. समोरून नेपोलियनला दिसत होती ती धार आणि तिच्यावरची थोडी माणसं. पलीकडे किती आहेत, कुठे आहेत, याचा त्याला अंदाज येत नव्हता. फ्रेंच तुकड्या धार चढून माथ्यावर आल्या की समोर अचानक बंदुकांची भिंत उभी राहायची. हा डाव कळायचा असेल तर ती धार डोळ्यांना दिसायला हवी. आणि ला हे सेंतच्या शेतघराजवळची नेमकी तीच धार टेकाडात गेली आहे. वेलिंग्टन नंतर तिथे आला तेव्हा "माझी रणभूमीच बदलून टाकली यांनी," असं म्हणाला म्हणे. म्हणाला असो वा नसो, बोल खोटा नाही.

मला या लेखात म्हणायचं आहे ते असं. रणभूमी हा दस्तऐवज आहे. राजवाडा किंवा चर्च यांना कायद्याचं जे संरक्षण मिळतं, ते तिलाही मिळायला हवं. आणि ते बिल्डरपासून जितकं, तितकंच स्मारकं उभारणाऱ्यांपासूनही. युरोपात रणभूमींचं वाटोळं बुलडोझरने केलं हे खरं आहे, पण सुरुवात त्याने केली नव्हती. भक्तांनी केली होती.

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचंच पाहा. १०६६ मध्ये इंग्रजांचा हॅरल्ड राजा जिथे पडला तिथेच मठाची मुख्य वेदी हवी, असा विजेत्या विल्यमचा हट्ट होता, असं मठाची परंपरा सांगते. पाणी जवळ असलेली खालची जागा भिक्षूंना पसंत होती. पण ऐकतो कोण? ज्या टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांची ढालींची भिंत उभी होती, तो माथा मठासाठी कापून सपाट केला गेला. चढ किती अवघड होता याचा अंदाज घ्यायला आज अभ्यासकांना मठाच्या पायाशी झुंजावं लागतं. गावाचं नाव तेवढं चोख राहिलं आहे : बॅटल.

नावांची गंमत वेगळीच आहे. वॉटर्लूची लढाई वॉटर्लू गावात झालीच नाही. वेलिंग्टनचा मुक्काम तिथे होता आणि विजयाचं पत्र तिथून गेलं, म्हणून ते नाव. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर म्हणत होता की लढाईला 'ला बेल आलियान्स' हे नाव द्या, आणि बर्लिनमधल्या एका चौकाला ते नाव कितीतरी वर्षं होतं. फ्रेंच बराच काळ 'माँ-सँ-जाँ'ची लढाई म्हणत राहिले. वेलिंग्टनच्या सैन्यात ब्रिटिश जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे वर. बाकीचे हॅनोव्हर, ब्रुन्सविक, नासाऊ, हॉलंड, बेल्जियम इथले. संध्याकाळी प्रशियाची फौज येऊन भिडली नसती तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी शाळेच्या पुस्तकात 'इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं' एवढंच राहिलं. इंग्रजीत एखाद्याचा कायमचा पाडाव झाला की त्याचं 'वॉटर्लू' झालं म्हणतात, आपण 'पानिपत' झालं म्हणतो. त्यांनी दुसऱ्याच्या पराभवाचं नाव भाषेत ठेवलं, आपण आपल्याच. या फरकावर एक स्वतंत्र लेख होईल, तूर्त पुढे जाऊ.

समारंभांचं तर विचारूच नका. २००५ साली ट्रफल्गारला दोनशे वर्षं झाली. १८०५ मध्ये इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या २७ जहाजांनी फ्रान्स आणि स्पेनच्या ३३ जहाजांना धूळ चारली होती. पण द्विशताब्दीला समुद्रावर जे लुटुपुटूचं युद्ध रंगवलं गेलं त्यात इंग्रज आणि फ्रेंच नव्हतेच. एक 'लाल' ताफा होता आणि एक 'निळा'. पाहुण्यांना वाईट वाटायला नको! फ्रान्सनेही आपली विमानवाहू नौका 'शार्ल द गॉल' तिकडे मिरवायला पाठवली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्टर्लिट्झ या स्वतःच्या सगळ्यात झळझळीत विजयाच्या द्विशताब्दीला राष्ट्राध्यक्ष फिरकलेसुद्धा नाहीत. २०१५ मध्ये बेल्जियमने वॉटर्लूचं दोन युरोचं नाणं काढायचं ठरवलं, पाडूनही झालं होतं. फ्रान्सने आक्षेप घेतला. बेल्जियमने ती नाणी रद्द केली आणि अडीच युरोचं नाणं काढलं. वेगळ्या किमतीचं नाणं फक्त स्वतःच्या देशात चालवायची मुभा नियमात होती, ती त्यांनी वापरली. या बेरकीपणाला दाद द्यायलाच हवी. पण मुद्दा असा की नाणी, संचलनं, पुतळे हे सगळं त्या त्या वेळच्या राजकारणाच्या तालावर नाचतं. मातीत पडलेली शिशाची गोळी कुणाचा रुसवाफुगवा बघत नाही.

नोकरीपायी मी सहा वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये काढली. तिथे आपल्याकडच्या माणसाला गुजराती आधी यायला लागतं आणि इंग्रजी नंतर. त्या शहराच्या मधोमध नगरपालिकेचं एक साधंसुधं वाहनतळ होतं. २०१२ मध्ये तिथलं डांबर उखडून खणलं तेव्हा खाली तिसरा रिचर्ड सापडला. १४८५ च्या २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला, रणांगणात पडलेला इंग्लंडचा शेवटचा राजा. ट्यूडर घराणं गादीवर आल्यावर त्यांच्या पदरच्या लेखकांनी त्याला कुबडा केलं, त्याचा एक हात वाळका केला. हाडांनी काय सांगितलं? कणा एका बाजूला वळलेला होता, म्हणजे खांदा वर-खाली दिसत असणार. हात मात्र दोन्ही धडधाकट. कवटीवर नऊ जखमा. म्हणजे शेवटच्या क्षणी डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं आणि तो घेरला गेला होता. शत्रूच्या लेखकांनीही त्याच्या शौर्याबद्दल मान्य केलं होतं ते खरं निघालं, आणि ज्या विद्रूपतेवर शतकानुशतकं नाटकं झाली ती अर्धीच खरी निघाली. मूळची समाधी नाहीशी झाल्यावर कुणी त्या जागी नवी भव्य समाधी बांधली नाही म्हणून हे हाती लागलं. वाहनतळ होतं, ते बरंच झालं.

बॉसवर्थच्या रणभूमीची कथा याच्या नेमकी उलट. पिढ्यान्‌पिढ्या सगळे सांगत आले की लढाई अँबियन नावाच्या टेकडीवर झाली. १८१३ मध्ये तिथल्या झऱ्यावर दगडी घुमटी बांधली, लॅटिनमध्ये लेख कोरला, रिचर्ड राजा इथलं पाणी प्यायला म्हणून. १९७० च्या दशकात टेकडीवर माहिती केंद्र आलं, झेंडे लागले, राजा पडला त्या जागेचा दगड उभा राहिला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या वाऱ्यात झेंड्यांचा फडफडाट ऐकून अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याआधीच, २००९-१० च्या सुमारास, पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूची शेतं वितावितानं धुंडाळली होती. तोफांचे शिशाचे गोळे सापडले, तीसहून जास्त. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं इवलंसं रानडुकराचं चिन्ह सापडलं. रानडुक्कर हे रिचर्डचं बोधचिन्ह, आणि चांदीचं म्हणजे राजाच्या अगदी जवळच्या सरदाराच्या छातीवरचं. हे सगळं कुठे? झेंड्यांच्या टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, एकेकाळी दलदल होती अशा सखल शेतांत. राजा पडल्याच्या त्या दगडाला शेवटी माहिती केंद्राच्या अंगणात आणून ठेवलं. राजा जिथे पडला तिथला दगड, आणि तो आता चहाच्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर.

खरी जागा सापडल्यावर तरी ती जपली जावी की नाही? २०१८ मध्ये स्थानिक परिषदेने या रणभूमीच्या कडेच्या एका भागावर चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या चाचणीसाठी धावपट्टी बांधायला परवानगी दिली. तो भाग सरकारी नोंदवहीत 'नोंदलेली रणभूमी' म्हणून होता. मग नोंद असून उपयोग काय, असं कुणीही विचारेल. गोम इथेच आहे. इंग्लंडमध्ये ही नोंदवही १९९५ साली झाली, सुरुवातीला ४३ रणभूमींची. पण जुन्या इमारतींच्या यादीला कायद्याचे दात आहेत, या नोंदवहीला नाहीत. परवानगी देताना परिषदेने नोंदीचा 'विचार करायचा', एवढंच. विचार केला आणि परवानगी दिली, तरी नियम पाळल्यासारखाच.

यॉर्कजवळच्या फुलफर्डची तर याहून वेगळी तऱ्हा. हेस्टिंग्जच्या आधी तीन आठवडे, २० सप्टेंबर १०६६ ला, तिथे नॉर्वेच्या राजाने उत्तरेकडच्या इंग्रज सरदारांचा पराभव केला. जागा नक्की हीच असं खात्रीने म्हणता येत नाही म्हणून तिला नोंदवहीत स्थान नाही, आणि स्थान नाही म्हणून शेकडो घरांच्या वसाहतीला मुभा. आता खणून खात्री करायची कुठे, कुणाच्या स्वयंपाकघरात?

नेझबीला मी दोनदा गेलो. १४ जून १६४५ ला तिथे संसदेच्या नव्या फौजेने, फेअरफॅक्स आणि क्रॉमवेलच्या हाताखाली, राजा पहिल्या चार्ल्सच्या पायदळाचा चक्काचूर केला. राजाची खासगी पत्रंही शत्रूच्या हाती लागली आणि लंडनमध्ये छापून जगजाहीर झाली. इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेचं पुढचं वळण ज्या शेतांत ठरलं ती ही शेतं. १८२३ मध्ये गावच्या जमीनदारांनी एक उंच दगडी स्तंभ उभारला, तो मूळ रणभूमीपासून बराच लांब. या जमीनदारांचा मुलगा एडवर्ड फिट्झजेराल्ड, उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवादक म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. १८४२ मध्ये इतिहासकार कार्लाइलसाठी त्याने तिथे खणून हाडं-दात शोधले, तेव्हा कळलं की कार्लाइलसारखा अभ्यासक आपल्याच आईबापांच्या स्तंभामुळे भलतीच जागा बघून परतला होता. स्तंभ अजून आहे. आणि १९९० च्या दशकात रणभूमीच्या उत्तर भागातून दुपदरी महामार्ग गेला. लोकांनी विरोध केला, चौकशी झाली, रस्ता झालाच. आता तिथे उभं राहिलं की ट्रकचा आवाज सतत कानावर येतो. याच परिसरात शेतांमधून वेचलेल्या बंदुकीच्या गोळ्या नकाशावर मांडल्यावर दिसलं की राजाची माणसं पळत सुटली नव्हती, उत्तरेकडे तीनेक किलोमीटर मागे हटत हटत लढत गेली होती. कागदोपत्री वर्णनांत हे एवढं स्पष्ट नव्हतं.

इथे एक मान्य करायला हवं. नांगरही निष्पाप नाही. खोल नांगरटीने गोळ्या सरकतात, खतांच्या आम्लाने शिसं झिजतं. धातुशोधक यंत्रं घेऊन हिंडणारे हौशी लोक तर पिशव्या भरून नेतात. चारशे वर्षांपूर्वीच्या सुट्या गोळीला 'खजिना' म्हणता येत नाही, त्यामुळे ती कळवायची सक्ती नाही. एकेका गोळीला बाजारात किंमत नसतेच. ती कुठे पडली होती, तिच्या आसपास किती होत्या, यालाच अर्थ असतो. पिशवीत गेली की ती फक्त शिसं. तरीही शेती चालू राहिली तर जमिनीचा चढउतार टिकतो, गोळी फार तर काही हात हलते. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी पुन्हा शोधू शकतो. काँक्रीटखाली गेलेलं आणि टेकाडात रचलेलं मात्र पुन्हा मांडता येत नाही.

माझ्या मताला होणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ऑफिसातल्या सहकाऱ्यांशी दुपारच्या जेवणावर कैकदा वाद झाला आहे. पहिला : लोकांना राहायला घरं नाहीत आणि तुम्हाला मेलेल्यांची शेतं जपायची आहेत. घरं नाहीत हे खरं. भाड्याच्या घरासाठी मीही चपला झिजवल्या आहेत. पण अख्ख्या इंग्लंडात नोंदलेल्या रणभूमी पन्नासच्या आत. घरांचा प्रश्न त्यांनी अडवलेला नाही. दुसरा : युरोपात कुठे लढाई झाली नाही? मग सगळा खंडच काचेत ठेवायचा का? नाही. जिथे जमिनीने अजून काही सांगायचं बाकी आहे, तिथेच. स्टेशन उभं राहिलं, शहर वाढलं, तिथे आता काय जपणार?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. रणभूमी जपणं म्हणजे युद्धाचं उदात्तीकरण नाही का? यावर मी बरेच दिवस अडखळलो. उत्तर मला स्कॉटलंडमध्ये, कलोडनच्या माळावर मिळालं.

१६ एप्रिल १७४६. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी लढणारे दीड हजारांच्या आसपास पडले, त्यांत बरेच डोंगराळ भागातले, आपापल्या कुळाच्या निशाणाखाली आलेले. त्यानंतर कंबरलँडच्या ड्यूकच्या सरकारी फौजेने जखमींना मारलं, गावं जाळली. १८८१ मध्ये तिथल्या जमीनमालकाने कुळांच्या नावांचे दगड आणि मोठा दगडी ढीग उभारला. कोणत्या खड्ड्यात कोणतं कूळ, याबद्दल आज शंका आहेत. मधल्या काळात माळावर सूचिपर्णी झाडांची लागवड झाली, थडग्यांच्या मधून गाड्यांचा रस्ता गेला. १९८० च्या दशकात शहाणपण सुचलं. झाडं काढली, रस्ता वळवला, माळ पुन्हा माळ झाला. अलीकडे एका टीव्ही मालिकेमुळे फ्रेझर कुळाच्या दगडाकडे इतकी गर्दी लोटली की भोवतालचं गवत उरलं नाही आणि कुंपण घालावं लागलं. बाकीच्या दगडांजवळ मी उभा होतो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पायाखाली दलदल, बूट फसकन आत गेला. तलवारी उपसून पळत हल्ला करणारी माणसं या चिखलात कशी अडकली असतील आणि समोरून तोफांतून छर्ऱ्यांचा मारा होत असताना त्यांचं काय झालं असेल, हे मला त्या बुटाने समजावलं. कुठल्याही फलकाने नाही. तिथे उदात्त असं काही वाटलं नाही. पोटात गोळा आला.

उदात्तीकरण करतो तो सिंह. तो चाळीस मीटर उंचीवरून बघायला लावतो, आणि तिथून माणसं दिसतच नाहीत. वॉटर्लूच्या मृतांचं काय झालं, हे त्या माथ्यावर कुणी सांगत नाही. हजारो माणसं तिथे पुरली गेली, पण आजवर पूर्ण सांगाडे सापडले ते बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक २०१२ मध्ये सापडला, टेकाडाजवळ वाहनतळाचं काम चालू असताना. पुन्हा वाहनतळच! बाकीची हाडं गेली कुठे? काही खतासाठी दळली गेली असं जुनी वर्तमानपत्रं सांगतात. अलीकडे संशोधकांनी असंही मांडलं आहे की १८३० च्या दशकापासून त्या भागात बीटाच्या साखरेचे कारखाने वाढले, साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा लागत असे आणि सामूहिक थडगी त्यासाठी उकरली गेली. वर सिंह बसवून झाल्यावर खालून हाडं विकली गेली, असा याचा अर्थ. बेल्जियमने १९१४ मध्ये कायदा करून ही रणभूमी बांधकामापासून वाचवली, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. इंग्लंडने निदान तेवढा तरी कायदा करावा. फक्त बेल्जियमच्या कायद्याने धार गेल्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी कुलूप लावलं.

त्या दिवशी मी खाली आलो तेव्हा आई शेताच्या बांधावर बसून डब्यातला चिवडा खात होती. तिला हे सगळं सांगितलं, वेलिंग्टन, धार, पाठीमागचा उतार. वेलिंग्टन म्हणजे आपल्याकडे आलेला आर्थर वेलस्ली, हेही सांगितलं. तिचे कान टवकारले, कारण तिचं माहेर भोकरदन तालुक्यातलं.

२३ सप्टेंबर १८०३ ला त्याच भागातल्या असईजवळ शिंदे आणि भोसले यांची प्रचंड फौज केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी होती. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, पलीकडे जायला वाट नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं. नदीच्या अल्याड एक गाव, पल्याड त्याच्या समोरच दुसरं. दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे मधून जायला उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. उतार होता. त्याची फौज पार झाली. त्याचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले, आणि पुढे म्हातारपणी तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती म्हणून विचारलं तर तो वॉटर्लू न म्हणता 'असई' म्हणाला.

आई चिवड्याचा डबा बंद करत म्हणाली, "म्हणजे तिकडेही उतारानेच जिंकला, इकडेही उतारानेच."

मी हसलो. नदीचा उतार आणि जमिनीचा उतार, मराठीत शब्द एकच. तिने मान वळवून टेकाडाकडे पाहिलं. "अन् इथला तर यांनी खरवडून वर नेऊन ठेवला," म्हणाली, आणि पिशवी उचलून बस स्टॉपकडे चालायला लागली.